रान परत कसें येतें?

नाशिक शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मि नांवाचा डोंगर आहे. त्यांतील लेण्यांमुळें लोक त्याला पांडवलेणें म्हणूनच ओळखतात. तेथील तिसऱ्या लेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या कारकीर्दीच्या चोविसाव्या वर्षींची एक राजाज्ञा दगडांत कोरलेली आहे. गोवर्धन येथील अमात्य श्यामक याला ती धाडलेली आहे. तिच्यांतील मजकूर अगदीं व्यवहारी आहे. डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना कखडी नांवाच्या गांवीं पूर्वीं एक शेत दान दिलें होतें. परंतु तें शेत आतां कोणी नांगरीत नाहीं आणि त्या गांवांत वस्तीहि उरलेली नाहीं. सबब त्याऐवजीं नगराच्या शिवेवरील राजाच्या जमिनीपैकीं शंभर निवर्तनें जमीन भिक्षूंना द्यावी, अशी ती आज्ञा आहे.

भिक्षूंची सोय झाली. गांव उठून गेलेल्या त्या शेताचें पुढें काय झालें, हें मात्र लेखांत सांगितलेलें नाहीं. राजशासनाला तें सांगण्याचें कारणहि नव्हतें. महसूल येईनासा झाला कीं जमिनीचा इतिहास संपला, असेंच दफ्तर समजत आलें आहे. परंतु नांगर थांबल्यावर त्या जमिनीचा एक दुसरा इतिहास सुरू होतो. त्यांत राजे नसतात, सनावळ्या नसतात. पण एकामागून एक सत्तेवर येणारीं घराणीं मात्र असतात. आधीं गवतांचें राज्य, मग काटेरी झुडपांचें, मग उन्हांत वाढणाऱ्या झाडांचें, आणि सर्वांच्या शेवटीं सावलींत वाढणाऱ्या सावकाश झाडांचें. नाशिकच्या डोंगरांवर हा इतिहास दोन हजार वर्षांत अनेकदां लिहिला गेला आणि अनेकदां पुसलाहि गेला.

त्याच डोंगरांतील दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यांत नानंगोल या गांवचीं बत्तीस हजार नारळाचीं झाडें दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे एका डोंगरावर झाडांविषयींचे दोन प्रकारचे पुरावे शेजारीं शेजारीं आहेत. एक माणसानें लावलेल्या झाडांचा आणि दुसरा माणसानें सोडून दिलेल्या शेताचा. रान पुन्हां उभें करण्याचा जो प्रयत्न आजच्या नाशकांत चालला आहे, तोहि याच दोन वाटांनीं चालला आहे. कोणी झाडें लावतो, कोणी जमीन राखून सोडून देतो. यांतील कोणत्या वाटेनें खरें रान परत येतें, हें समजण्यासाठीं तें गेलें कसें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

नाशिकचा परिसर रामायणांतील दंडकारण्याशीं व जनस्थानाशीं परंपरेनें जोडला गेला आहे. पंचवटी हें नांव पांच वडांवरून पडलें, असें मानतात. तेथून पूर्वेस तपोवन आहे. स्थळांच्या नांवांत जें रान शिल्लक राहिलें, तें जमिनीवर राहिलें नाहीं. हें रान सर्वत्र सारखें होतें, असेंहि समजूं नये. जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरीला वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरांत तो सातशेंच्या आसपास येतो आणि येवल्याकडे पांचशेंच्या घरांत उतरतो. म्हणून एकाच जिल्ह्यांत घाटमाथ्याला सदाहरित झाडांच्या राया, मधल्या डोंगरांवर पानगळीचें सागवानी रान आणि पूर्वेच्या पठारावर बोरी-बाभळींचें विरळ झाड व गवताळ माळ, अशीं तीन वेगळीं जगें नांदत आलीं.

हें रान एका दिवसांत गेलें नाहीं आणि एका हातानेंहि गेलें नाहीं. डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकविणारा शेतकरी रोपांच्या वाफ्यावर भाजणी करीत असे. त्यासाठीं ऐन, दिंडा इत्यादि झाडांच्या फांद्या, शेण व पाला यांचा थर पसरून तो जाळावयाचा. यालाच राब म्हणतात. वस्ती विरळ होती तोंवर छाटलेल्या झाडाला पुन्हां फुटवा येण्यास अवसर मिळे. पुढें मागणी वाढली. १८६५ सालीं थळ घाट ओलांडून मुंबईचा लोहमार्ग अखंड झाला, आणि इमारती लाकूड, रुळांखालचे लांकडी ओंडके, जळण व कोळसा यांसाठीं डोंगरांतील माल दूरच्या बाजारांत जाऊं लागला. त्याच वर्षीं पहिला वनकायदा झाला; त्याहून कडक असा दुसरा कायदा १८७८ सालीं आला. सरकारनें सागाचें रान राखीव केलें आणि गांवकऱ्याचा राबाचा व चराईचा हक्क आंखडला. रानाच्या जवळ राहणारा माणूस रानाला परका झाला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतून या बाबतींत इतक्या तक्रारी झाल्या कीं १८८५ सालीं मुंबई सरकारला चौकशीसाठीं एक मंडळ नेमावें लागलें.

रानाच्या जाण्यालाहि एक क्रम असतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. प्रथम मोठीं झाडें जातात, कारण त्यांना किंमत येते. मग त्यांच्या बुंध्यांतून फुटलेले धुमारे जळणासाठीं जातात. मग गुरें व शेळ्या कोंवळीं रोपें खातात, आणि शेवटीं गवतांतहि निवड सुरू होते. मारवेल, शेडा, पवन्या हीं गोड गवतें गुरें मुळापर्यंत खातात. कुसळी तेवढी तोंडाला टोंचते म्हणून मागें राहते. डोंगर पिवळाधमक कुसळीनें भरलेला दिसला, कीं तेथें चराईनें हात टेकले आहेत, असें जाणता माणूस सांगतो. त्याच्याहि खालची पायरी म्हणजे उघडा मुरूम. अशा मुरमावरून पावसाचें पाणी थांबत नाहीं. तें जातांना मातीहि घेऊन जातें. १९७२ सालच्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लाखों माणसें खडी फोडण्यास व माती उपसण्यास बाहेर पडलीं, त्या दुष्काळाला पाऊस जसा कारण होता, तशी पाणी न धरणारी ही उघडी जमीनहि थोडीफार कारण होती.

आतां वर चढण्याचा क्रम पाहावयाचा. नाशिक जिल्ह्याची माहिती देणारा गॅझेटियरचा सोळावा खंड १८८३ सालीं छापून निघाला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत, जावा व सुमात्रा यांच्यामधील क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला. बेटाचा मोठा भाग समुद्रांत गेला आणि उरलेल्या भागावर तप्त राखेचा जाड थर बसला. पुढच्या वर्षीं तेथें गेलेल्या एका फ्रेंच प्रवाशाला जिवंत प्राणी म्हणून एक लहानसा कोळी तेवढा आढळला. १८८६ सालीं मेल्शिओर ट्रोइब या वनस्पतिशास्त्रज्ञाला राखेवर शेवाळाचा पातळ पापुद्रा आणि त्यावर उगवलेले नेचे दिसले. त्यानंतर दहाएक वर्षांत गवत माजलें, त्यांत तुरळक झाडें आलीं आणि पन्नास वर्षें पुरीं होण्याच्या आंतच तेथें दाट रान उभें राहिलें. बीं कोणी पेरलें नव्हतें. तें वाऱ्यानें, समुद्राच्या पाण्यानें आणि पांखरांच्या व वटवाघळांच्या पोटांतून आलें होतें.

याच सुमारास अमेरिकेंत या क्रमाचें शास्त्र बनत होतें. हेन्री कौल्स यानें मिशिगन सरोवराच्या कांठच्या वाळूच्या टेकड्यांवर, पाण्यापासून जसजसें दूर जावें तसतसें वनस्पतींचें वय वाढत जातें, हें १८९९ सालीं दाखविलें. फ्रेडरिक क्लेमेंट्स यानें १९१६ सालीं त्याला सिद्धान्ताचें रूप दिलें. त्याच्या मतें वनस्पतींचा समाज एखाद्या देहाप्रमाणें जन्मतो, वाढतो आणि हवामानानें ठरविलेल्या परिपक्व अवस्थेला पोहोंचून स्थिर होतो. हेन्री ग्लीसन याला हें पटलें नाहीं. त्यानें १९२६ सालीं असें मांडलें कीं प्रत्येक जाति आपापल्या नशिबानें येते. बीं कोठून आलें, पाऊस कधीं पडला, शेजारीं कोण होतें, यांवर सर्व अवलंबून आहे. ठरलेलें मुक्कामाचें ठिकाण असें नसतें. त्यानंतरच्या शंभर वर्षांत शास्त्राचें माप ग्लीसनच्या बाजूला बरेंच झुकलें. परंतु पायऱ्या असतात, त्या ओलांडून एकदम माडीवर जातां येत नाहीं, हा क्लेमेंट्सचा मुद्दा अनुभवाला उतरतोच.

नाशिकच्या मधल्या पट्ट्यांतील एखाद्या उघड्या डोंगरावर कुऱ्हाड आणि चराई बंद केली, तर या पायऱ्या अशा दिसतात. पहिल्या पावसाळ्यांत टाकळा आणि अल्पायुषी गवतें येतात. कुसळी तर आधींपासून असतेच. तिच्या बियांची रचना पाहण्यासारखी आहे. बियाला जें लांब कुसळ असतें, तें सुकलें कीं पिळा घेतें आणि ओल लागली कीं पीळ सोडतें. या उलटसुलट फिरण्यानें बीं सामत्याप्रमाणें जमिनींत शिरतें. म्हणून कडक मुरमांतहि कुसळी घर करते. चराई बंद राहिली तर दोन-तीन पावसाळ्यांत शेडा, पवन्या आणि मारवेल पुन्हां डोकें वर काढतात. त्यांच्या मुळ्यांचें दाट जाळें माती बांधून धरतें, वाळलेलें पातें जमिनीवर पडून कुजतें, वाळवी तें खालीं ओढते आणि मुरमावर मातीचा पहिला पातळ थर धरतो. या टप्प्यावर डोंगर लांबून पाहणाऱ्याला अजून बोडकाच वाटतो. परंतु खरें काम सुरू झालेलें असतें.

मग झुडपांची पाळी येते. बोर, करवंद, हेंकळ, धायटी, मुरुडशेंग हीं या टप्प्याचीं मानकरी होत. करवंदाच्या जाळीला शेतकरी अडगळ समजतो. रानाच्या दृष्टीनें ती पाळणाघर आहे. बुलबुल दुसऱ्या झाडाचें फळ खाऊन जाळीवर येऊन बसतो आणि त्याच्या विष्ठेंतून बीं खालीं पडतें. जाळीच्या आंत सावली असते, ओल असते, आणि शेळीचें तोंड तेथें पोहोंचत नाहीं. त्या कांट्यांच्या आड एखादें रोप सहा-सात वर्षें वाढतें आणि एके दिवशीं जाळीच्या वर डोकें काढतें. पुढें त्याच झाडाची सावली पडून करवंद मागें हटतें. ज्यानें आश्रय दिला त्याचीच जागा आश्रितानें घ्यावी, हा या इतिहासाचा नियमच आहे.

झाडांतहि पहिले येणारे वेगळे आणि मागून येणारे वेगळे. पळस, काटेसावर, खैर, पांगारा यांना भरपूर ऊन लागतें. सावरीचें बीं कापसावर बसून वाऱ्याबरोबर लांब जातें. खैर, पळस व पांगारा यांच्या मुळांवरील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनीला देतात. त्यांच्या पाल्यानें माती सुधारली कीं ऐन, धावडा, शिसव, बेहडा, मोह यांना पाय रोवण्यास जागा होते. ओघळींत जांभूळ आणि उंबर येतात. उंबराचीं फळें खाण्यास वटवाघळें येतात आणि येतांना दुसरीकडचीं बियाणीं घेऊन येतात. गुळवेल व माळकांगोणी झाडांवर चढतात. जुन्या सालीवर दगडफूल धरतें, तेंच दगडफूल जें शहरांतील घरोघरच्या मसाल्याच्या डब्यांत असतें. त्याच सालीच्या खांचेंत एखादी आमरी वस्ती करते. आमरीला झाडाइतकीच झाडाच्या वयाचीहि गरज असते, आणि वय कोणत्याहि रोपवाटिकेंत विकत मिळत नाहीं.

या क्रमांत नाशिकच्या डोंगरांना एक मोठी सवलत आहे. क्राकाटोआची जमीन पुरी भाजून निघाली होती. येथील जमिनीच्या पोटांत जुन्या रानाची मुळें पुष्कळ ठिकाणीं अजून जिवंत आहेत. साग, ऐन, धावडा, पळस हीं झाडें वर तोडलीं तरी खालच्या खुंटांतून पुन्हां फुटतात. दरवर्षीं फुटावें आणि दरवर्षीं कापलें किंवा खाल्लें जावें, असें त्यांचें वर्षानुवर्षें चाललेलें असतें. अशा डोंगरावर नवीं रोपें आणण्याआधीं, असलेल्यांना उसंत देणें हें पहिलें काम ठरतें.

परंतु महाराष्ट्रांत रान वाढविण्याची चळवळ जोर धरूं लागली, तेव्हां उसंतीपेक्षां घाईला मान मिळाला. १९८० सालीं केंद्राचा वनसंवर्धन कायदा झाला; १९८२ सालीं राज्यांत सामाजिक वनीकरणाचें खातें निघालें. माणसाला सरपण पाहिजे, गुरांना चारा पाहिजे आणि तोहि लवकर पाहिजे, ही गरज खरी होती. तिच्यापोटीं सुबाभूळ, नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प यांच्या लागवडी झाल्या. गिरिपुष्प मूळचें मध्य अमेरिकेचें. तें जळलें तरी फुटतें आणि उताराची माती धरतें, म्हणून डोंगरोडोंगरीं लावलें गेलें. फेब्रुवारींत त्याला गुलाबी फुलें आलीं कीं डोंगर शोभिवंत दिसतो. परंतु त्याच्या दाटींत दुसरें फारसें येत नाहीं. या मातींतल्या पांखरांना व कीटकांना त्याचा उपयोगहि थोडा. पायऱ्या चढण्याऐवजीं एकाच पायरीवर मुक्काम पडतो. घाणेरीचेंहि तसेंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें झुडूप म्हणून ती हिंदुस्थानांत आली आणि पुढें बागेचें कुंपण ओलांडून रानभर पसरली. करवंदाची जाळी रोपाला आश्रय देते. घाणेरीचें रान माजलें कीं खालच्या रोपाला ऊनच मिळत नाहीं.

राखून सोडण्याच्या वाटेचें नाशिकमधील उदाहरण म्हणजे बोरगड. शहराच्या उत्तरेस, मोगलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षें दाद न देणाऱ्या रामशेजच्या शेजारीं हा डोंगर आहे. जवळच्या तुंगलदरा गांवचे लोक, वनखातें आणि नाशिकची निसर्गप्रेमी संस्था यांनीं तेथें चराईला व तोडीला आळा घातला. २००८ सालीं त्यांतील ३.४९ चौरस किलोमीटर क्षेत्राला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रांत हा दर्जा मिळालेल्या पहिल्या क्षेत्रांत बोरगडची गणना होते. ही व्यवस्था वन्यजीव कायद्यांत २००२ सालच्या दुरुस्तीनें आली. तिचें वैशिष्ट्य असें कीं क्षेत्र जाहीर करतांना आसपासच्या लोकांशीं विचारविनिमय करावा लागतो आणि व्यवस्थेच्या समितींत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधि असतात. १८७८ सालच्या कायद्यानें गांवकऱ्याला रानाबाहेर केलें होतें. सव्वाशें वर्षांनीं त्याला रानाच्या राखणीस पुन्हां बोलवावें लागलें. कारण राखण हें सनदेचें काम नसून सोबतीचें काम आहे. ज्या बाईला सरपणासाठीं डोंगर चढावा लागतो, तिच्या चुलीची दुसरी सोय झाल्यावांचून कोणतीहि कुऱ्हाडबंदी टिकत नाहीं.

लावण्याच्या वाटेचें उदाहरण शहराच्या पश्चिमेस सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर आहे. तेथें २०१५ सालच्या ५ जून रोजीं, जागतिक पर्यावरणदिनीं, आपलं पर्यावरण या संस्थेनें वनखात्याच्या साहाय्यानें हजारों नागरिकांच्या हातून एकाच दिवशीं दहा हजारांच्या वर रोपें लावलीं. रोपें परदेशी व झटपट वाढणारीं नव्हतीं. या मातींतल्या अनेक जातींचीं होतीं. त्या रानाला देवराई असें नांव मिळालें. नांवांत मोठी आकांक्षा आहे. सह्याद्रींतील जुन्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत केला. देवाच्या नांवानें पिढ्यान् पिढ्या जेथें काठीहि तोडली गेली नाहीं, अशा त्या राया आहेत. मुख्य रान गेलें तेव्हां त्याचें बियाणें तेथें शिल्लक राहिलें. तेथें एकाच वेळीं म्हातारें झाड, प्रौढ झाड, तरणें झाड, रोप आणि रुजतें बीं, अशा पांचहि पिढ्या एकत्र नांदतात. एका दिवशीं लावलेल्या रानांत सर्व झाडें एका वयाचीं असतात. तीं मोठीं होतील, दाटतील, त्यांतलीं कांहीं मरतील आणि मरणाऱ्यांच्या जागीं ऊन खालीं उतरेल. त्या उन्हांत जें रोप उगवेल, तें कोणी लावलेलें नसेल. पेरलेल्या रानाला देवराईपण येण्याचा आरंभ तेथून होईल.

हा दिवस दूर ढकलणारी सर्वांत मोठी आपत्ति म्हणजे वणवा. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत नाशिकच्या भोंवतालचे डोंगर रात्रीच्या वेळीं जळतांना दिसतात, आणि फाशीच्या डोंगरावरील कोंवळ्या देवराईलाहि आगीची झळ लागली आहे. आपोआप लागणारी आग येथें अपवाद. बहुतेक आग माणसाच्या हातची असते. जुनें गवत जाळलें म्हणजे पावसाळ्यांत नवें चांगलें येतें ही समजूत, राबाची उडालेली ठिणगी, किंवा रस्त्यानें जाणाऱ्यानें टाकलेली विडी, यांतून ती लागते. आगीनें सगळें मरतें असें नाहीं, आणि त्यांतच तिचें खरें नुकसान आहे. आग निवड करते. सागाची आणि पळसाची जाड साल तग धरते. कुसळीचीं मुळें वांचतात आणि तिचें जमिनींत शिरलेलें बीं सुरक्षित राहतें. मरतें तें वितीएवढें जांभळाचें रोप, करवंदाच्या आड वाढणारा बेहडा, पालापाचोळ्याचा थर आणि त्यांतील बुरशी. म्हणजे प्रत्येक वणवा मागून येणाऱ्यांना हाकलून देतो आणि पहिल्या पायरीवाल्यांना पुन्हां गादीवर बसवितो. दहा वर्षें चढलेला डोंगर एका दुपारीं सात-आठ वर्षें खालीं उतरतो. म्हणून डोंगराच्या पायथ्याशीं हिवाळ्यांत पाडलेली जाळरेषा आणि आग विझविण्यास धांवणारे दहा जण, यांची किंमत हजार नव्या रोपांहून कमी नाहीं.

येथें एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. रान हवें म्हणून प्रत्येक मोकळ्या जागीं झाडच लावावें, असें नव्हे. त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरी डोंगराच्या माथ्यावर कंदीलपुष्पाच्या वर्गांतील एक नाजुक वनस्पति उगवते. तिचा शोध लागून २००६ सालीं तिला शास्त्रीय नांव मिळालें, तें अंजनेरीवरूनच, सेरोपेजिया अंजनेरिका. वर्षाचा बराच काळ ती कंदाच्या रूपानें जमिनीखालीं झोपते आणि पावसाळ्यांत उघड्या गवताळ सड्यावर फुलते. तेथें सद्धेतूनें झाडांच्या रांगा लावल्या, तर सावलीनेंच तिचा घात व्हावयाचा. तीच गोष्ट येवले तालुक्यांतील ममदापूरच्या माळाची. तेथें काळविटांसाठीं २०१४ सालीं संवर्धन राखीव क्षेत्र झालें. काळविटाला मोकळें गवत लागतें. दूरवर दिसलें तरच तो धांवून जीव वांचवितो. पांचशें मिलिमीटर पावसाच्या प्रदेशांतील तो माळ म्हणजे अर्धवट राहिलेलें रान नव्हे. तें त्या हवामानाचें पुरें झालेलें रूप आहे.

मग रान परत येण्यास वेळ किती लागतो? उष्ण कटिबंधांतील सोडून दिलेल्या शेतांवर व कुरणांवर पुन्हां उगवलेल्या वनांचा एक मोठा अभ्यास डिसेंबर २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या दोन्ही खंडांतील आणि पश्चिम आफ्रिकेंतील ७७ ठिकाणें त्यांत पाहिलीं होतीं. त्यांचा निष्कर्ष असा कीं मातीचा कस दहा वर्षांच्या आंत बराचसा परत येतो. वनाची उंची, दाटी आणि जातींची संख्या यांना सुमारें पंचवीस ते साठ वर्षें लागतात. परंतु जुन्या रानांत ज्या जाति ज्या प्रमाणांत असतात तें प्रमाण परत येण्यास एकशें वीस वर्षांहून अधिक काळ जातो. हीं वनें नाशिकचीं नव्हेत, आणि तेथल्या पावसाचें मापहि वेगळें आहे. तरी हिशेबाची जात तीच आहे. हिरवेपणा लवकर येतो, रानपण उशिरा येतें. २०१५ सालीं बापाच्या खांद्यावर बसून डोंगर चढलेल्या मुलाच्या नातवालाहि तें पुरें दिसेल असें नाहीं.

या हिशेबाला आज नाशकांत तातडीचा अर्थ आला आहे. सिंहस्थांतील साधुग्रामासाठीं तपोवनांतील झाडें काढण्याचा प्रस्ताव २०२५ सालच्या अखेरीस पुढें आला आणि शहरांत मोठा वाद उठला. एका झाडाच्या मोबदल्यांत अनेक रोपें लावूं, असें आश्वासन अशा वेळीं नेहमींच दिलें जातें. पर्वणीला येणाऱ्या लाखों यात्रेकरूंची व साधूंची सोय करणें हीहि या क्षेत्राची जुनी जबाबदारी आहे. तिला कोणी नाकारीत नाहीं. प्रश्न हिशेबाचा आहे. रोपांची गणती करतां येते, वर्षांची भरपाई करतां येत नाहीं. साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यांत दहा रोपें लावलीं, तर तीं दहा वर्षांनीं दहा वर्षांचीं होतील. दहांची बेरीज होऊन त्यांचें एक शंभर वर्षांचें झाड होत नाहीं.

लावणें आणि राखणें या दोन वाटांत भांडण मात्र नाहीं. जेथें जमिनींत मुळें उरलीं आहेत तेथें राखणें पुरतें; जेथें मुळें नाहींत आणि बीं येईल असें रानहि जवळ नाहीं, तेथें लावावेंच लागतें. परंतु लावणाऱ्याचें काम एका पावसाळ्याचें आणि राखणाऱ्याचें काम पुष्कळ उन्हाळ्यांचें असतें. लावण्याच्या दिवशीं हजारों माणसें डोंगरावर जातात; वणव्याच्या दिवशीं किती जातात, यावर त्या डोंगराचें भवितव्य ठरतें.

त्रिरश्मीवरील राजाज्ञेनें कखडीचें न नांगरलेलें शेत हिशेबांतून वगळलें. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या त्या शेतावर पहिल्या पावसांत कोणतें गवत आलें, कोणत्या पांखरानें तेथें पहिलें बीं टाकलें आणि कोणत्या झाडाची सावली शेवटीं त्या बांधावर पडली, याची नोंद कोणीहि ठेवली नाहीं. बोरगड, अंजनेरी आणि फाशीचा डोंगर यांच्या बाबतींत तसें होण्याचें कारण नाहीं. दरवर्षीं पावसाळ्यानंतर त्याच त्या जागीं जाऊन, लावलेल्यांपैकीं किती वांचलीं आणि न लावलेलीं किती आलीं, हें दोन रकान्यांत लिहून ठेवलें तरी पुरे. ज्या वर्षीं दुसरा रकाना पहिल्याहून मोठा होईल, त्या वर्षीं त्या डोंगरावर रान परत आलें, असें नाशिककरांनीं खुशाल म्हणावें.